चिपळूणच्या बाजारपेठेचा साठ वर्षांचा बदल दुकानागणिक नोंदवायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

शिवनदीकाठ

नमस्कार मंडळी. चिंचनाक्यापासून बाजारपेठेचा जो जुना पट्टा आहे, त्याची १९६० ते आजपर्यंतची नोंद करायचं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. नुसते जुने फोटो जमवून त्याखाली 'गेले ते दिवस' लिहायचं नाही. कुठल्या जागेत कोणतं दुकान होतं, ते केव्हा बदललं आणि का बदललं, हे पुराव्यासकट मांडायचं आहे.

हातात आहे ते असं: वेगवेगळ्या घरांतून आलेले फोटो, बहुतेकांवर तारीख नाही. काही दुकानांच्या जुन्या पावत्या आणि चोपड्या, त्यातल्या बऱ्याच २०२१ च्या पुरात भिजून वाळलेल्या. आणि भरपूर तोंडी माहिती, जी एकमेकींशी जुळत नाही. एकच कापडाचं दुकान कोणी १९६४ सालचं सांगतं, कोणी १९७२ सालचं.

अडतं आहे ते इथे:
नोंदीचं एकक काय धरावं? दुकानाचं नाव धरलं तर दुकान जागा बदलतं, मालकाचं नाव धरलं तर वाटण्या होतात.
नगरपालिका आणि भूमी अभिलेख कार्यालयात नेमकं काय मागावं?
तारीख नसलेल्या फोटोंचं आणि पावत्यांचं साल कसं ठरवावं?
बदलाची कारणं लिहिताना 'मॉल आले, ऑनलाइन आलं' याच्या पलीकडे काय पाहावं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

चौकशी_नोंदवही

एकक एकच धरा: नगर भूमापन क्रमांक. दुकान हलतं, मालक बदलतो, घर पाडून इमारत उभी राहते, पण जमिनीचा तुकडा तिथेच असतो. प्रत्येक क्रमांकाचं एक पान करा आणि बाकी सगळं त्याखाली लावा.

एक अडचण येणार, ती आधीच सांगतो. क्रमांकही फुटतात आणि जुळतात. ४१२ ची वाटणी झाली की ४१२/१, ४१२/२ होतात. एखाद्याने शेजारचे दोन घेऊन एकत्र केले की एक क्रमांक बंद पडतो. म्हणून तक्त्यात 'आधीचा क्रमांक' आणि 'नंतरचा क्रमांक' असे दोन रकाने सुरुवातीपासूनच ठेवा. नंतर घालायचं म्हटलं तर सगळा तक्ता उसवावा लागतो.

उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून तीन गोष्टी मागा.

पहिली, त्या पट्ट्याच्या नगर भूमापन नकाशाची प्रत. पायाभूत नकाशा हाच. गूगलवरचं चित्र त्याच्या जागी चालत नाही, कारण त्यात हद्दी नसतात, छपरं असतात.

दुसरी, मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. ऑनलाइन मिळते, पण जुन्या हस्तलिखित पत्रिकेची नक्कलही मागा, संगणकीकरणात जुने फेरफार कधीकधी गाळलेले किंवा चुकीचे वाचलेले असतात. फेरफाराच्या रकान्यात नावापुढे (धा) असेल तर धारक, (प) असेल तर पट्टेदार, म्हणजे लांब मुदतीच्या करारावर जमीन घेतलेला, (भा) असेल तर भार, म्हणजे गहाण-कर्ज वगैरे. बँकेच्या बोज्याची तारीख दुर्लक्षू नका. इमारत नव्याने बांधली त्याच्या आसपास बहुधा बोजा चढलेला असतो.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची, मूळ चौकशी नोंदवहीतला उतारा. भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक मिळकतीवर कोणाचा कशाच्या आधारे हक्क आहे ते नोंदलेलं असतं. वडिलोपार्जित, खरेदी, देवस्थानची, वक्फाची, नगरपालिकेची, हे तिथे कळतं.

आता लक्षात घ्या, मिळकत पत्रिकेवर भाडेकरू दिसत नाही. तुमच्या बाजारपेठेतली बरीच दुकानं भाड्याची असणार, त्यामुळे पत्रिका वाचून 'इथे अमुक यांचं दुकान होतं' असं लिहिलंत तर ते घरमालकाचं नाव निघेल. दुकानदार सापडतो नगरपालिकेच्या कर आकारणी नोंदवहीत. तिथे मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष जागा वापरणारा) असे वेगळे रकाने असतात, आणि वापर निवासी की वाणिज्य हेही असतं. नगरपरिषद अधिनियम १९६५ प्रमाणे आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. म्हणजे दर चार वर्षांनी बाजारपेठेची एक खानेसुमारीच तुम्हाला आयती मिळते. तुमचे टप्पे १९६०, १९७०, १९८० असे गोल आकड्यांचे ठेवू नका. ज्या आकारणी वर्षांची नोंदवही हाताला लागेल तेच टप्पे धरा.

माहिती अधिकारात अर्ज करत असाल तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रती पानाला दोन रुपये. 'बाजारपेठेची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज हमखास परत येतो. 'अमुक वॉर्डाची अमुक सालची कर आकारणी नोंदवही, पाहणीसाठी' असं लिहा. पाहणी मागितली की नक्कल काढायचा त्यांचा व्याप वाचतो आणि परवानगी लवकर मिळते. पाहताना घर क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक यांची जोडणी स्वतः करून घ्या. नगरपालिकेचे घर क्रमांक मध्ये बदललेले असतात आणि जुना क्रमांक नव्या नोंदवहीत पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलेला असतो. तो टिपायचा राहिला तर साखळी तुटते.

---

रोजकीर्द

पावत्या आणि पाट्यांबद्दल लिहितो. तारीख नसली तरी कागद बोलतो. 'याच्या आधीचं नाही' आणि 'याच्या नंतरचं नाही' अशा दोन कडा बांधायच्या.

पावतीवर रुपये-आणे-पै असतील तर ती १९५७ च्या एप्रिलच्या आधीची किंवा फार तर पुढच्या दोन-तीन वर्षांतली, कारण व्यापाऱ्यांनी आणे लगेच सोडले नाहीत. 'न.पै.' म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४. जून १९६४ पासून 'नवे' गेलं. शेर-मण असेल तर साधारण १९६२ पर्यंतची. तोळ्यावर जाऊ नका, सराफ आजही तोळाच बोलतात.

विक्रीकर नोंदणी क्रमांक छापलेला असेल तर १ एप्रिल २००५ च्या आधीची. त्या तारखेला राज्यात व्हॅट आला, आणि पुढे २७ ने सुरू होऊन 'व्ही'ने संपणारा अकरा आकड्यांचा टिन क्रमांक आला. पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ नंतरची. छापील पावतीपुस्तकं उरली म्हणून जुना क्रमांक खोडून वर रबरी शिक्का मारलेल्या पावत्या मिळतील. त्या फेकू नका, त्या तर बदलाच्या नेमक्या महिन्यांतल्या असतात.

पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीची. पिनकोड ४१५६०५ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची. बाहेरगावच्या ठोक व्यापाऱ्यांच्या पावत्याही उपयोगी पडतात: 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ च्या आधीची, कारण नंतर रायगड झालं. सावंतवाडी-मालवणच्या पत्त्यात 'जि. रत्नागिरी' असेल तर तेही १९८१ च्या आधीचं.

चोपड्यांच्या बाबतीत वर्ष मोजताना हमखास चूक होते. दिवाळीला चोपडी बदलत असत, म्हणून एकाच चोपडीत दोन इसवी सनं येतात. गुजराती पद्धतीचं विक्रम संवत असेल तर दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांना एप्रिल-मार्च हेच वर्ष सक्तीचं झालं, तेव्हापासून हिशेबाच्या वह्या सरळ झाल्या. लक्ष्मीपूजनाला पूजा तेवढी राहिली. आधीच्या काळातल्या काही चोपड्या मोडी लिपीत असतील. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आधी वाचून घ्या, खतावणी (खातेवार वही) नंतर. रोजकीर्दीत तारीखवार शेजारच्या दुकानांची नावं येतात, उधारीवर काय आणलं ते येतं, आणि एका चोपडीतून दहा दुकानांचं अस्तित्व सिद्ध होतं.

आता फोटो. गाड्यांच्या नंबरपाट्या भिंगाखाली पाहा. 'एमएच' आणि दोन आकडी जिल्हा क्रमांक असेल तर जुलै १९८९ च्या नंतरचा. त्याआधी एमने सुरू होणारी तीन अक्षरं असत. मारुती ८०० दिसली तर १९८४ च्या आधीचा धरू नका, पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत दिली गेली. हिरो होंडा असेल तर १९८५ नंतरचा. टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', असेल तर २००५ नंतरचा. छपरावर केबलची छत्री असेल तर नव्वदीचं दशक, घरागणिक छोट्या डिश असतील तर २००३ नंतरचं. पिवळी एसटीडी-पीसीओ पाटी ऐंशीच्या अखेरीपासून मोबाइल हातोहाती पोचेपर्यंत. दुकानाच्या पाटीवर दहा आकडी मोबाइल नंबर असेल तर २००० च्या अलीकडचं.

सिनेमाच्या पोस्टरवरून साल काढायचा मोह होतो. पोस्टर 'याच्या आधीचं नाही' ही कड सांगतं, 'याच्या नंतरचं नाही' ही नाही. लहान गावात प्रिंट उशिरा यायची आणि जुने चित्रपट पुन्हा लागायचे.

तक्त्यात 'दुकान सुरू' आणि 'दुकान बंद' असे रकाने ठेवूच नका. 'पहिल्यांदा दिसलं ते वर्ष' आणि 'शेवटचं दिसलं ते वर्ष' असे ठेवा, आणि प्रत्येकासमोर पुरावा. तुमच्या कापडाच्या दुकानाचं १९६४ की १९७२ हे भांडण त्यानेच मिटेल: पुरावा १९७० चा मिळाला तर १९७२ बाद झालं, १९६४ अजून उभं आहे.

---

शिवनदीकाठ

दोघांचेही आभार. 'पहिल्यांदा दिसलं' ही कल्पना लगेच उचलतो. कारणांबद्दल कोणी लिहील का? बऱ्याच जागा वर्षानुवर्षं तशाच पडक्या आहेत आणि मध्येच एखादी चकचकीत इमारत. ते कशामुळे?

---

रस्तारेषा

त्याचं मोठं कारण भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. पन्नास वर्षं भाडं तिथेच, घरपट्टी आणि दुरुस्ती मात्र बाजारभावाने. मालकाने कौलं चाळणं, वाशे बदलणं सोडून दिलं, कारण भाड्यात ते निघतच नव्हतं. भाडेकरूनेही पैसे घातले नाहीत, कारण घर त्याचं नव्हतं. मधल्या काळात पागडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देऊन, जागा हातोहात फिरल्या आणि त्याचा कागदच नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला कायदेशीर रूप दिलं. पण मूळ आकडाच इतका लहान की चार टक्क्यांनी काही हललं नाही. धंद्याच्या जागेत वारसाचा भाडेहक्कही चालू राहतो, म्हणून आजोबांचं दुकान नातू त्याच भाड्यात चालवतो. कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांनाच लागतो, तेव्हा आपल्या शहराची नोंद अनुसूचीत पाहून मगच हे कारण लिहा.

याच कायद्यातली एक तरतूद बाजारपेठेत डोळ्यांना दिसते. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडेनियंत्रणाचं संरक्षण उरलं नाही. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची बँकेची शाखा २००० नंतर नव्या इमारतीत किंवा हमरस्त्यावर गेलेली दिसली तर हे कारण तपासा. बँक हलली की आसपासचं झेरॉक्स, स्टेशनरी, चहाची टपरी हेही मागोमाग हलतं.

२००० नंतर भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक झालं. म्हणून त्यानंतरच्या भाडेकरूंची नावं दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) मध्ये मिळतात. त्याआधीच्यांसाठी पावत्या आणि कर आकारणी हाच आधार.

दुसरं कारण विकास आराखडा. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली आराखडा होतो, त्यात रस्त्याची रुंदी ठरते. पण रुंदीकरण एका फटक्यात होत नाही. जो घर पाडून नवं बांधतो त्यालाच मागे सरकावं लागतं. जो बांधत नाही तो जुन्या रेषेवरच उभा राहतो. त्यामुळे रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते. पायी चालत ही कड मोजा. मागे सरकलेली प्रत्येक इमारत म्हणजे आराखडा मंजूर झाल्यानंतरचं बांधकाम, पुढे आलेली त्याआधीची. एक तारीख हातात असली की सगळ्या रस्त्याच्या इमारतींचे दोन गट पडतात. ज्याच्या जागेची खोली कमी, त्याला मागे सरकलं तर दुकानच उरत नाही, म्हणून तो बांधतच नाही. तुमच्या पडक्या जागांमध्ये अशा किती आहेत ते खोली मोजून पाहा.

नगररचना कार्यालयात प्रस्तावित नकाशा सगळे मागतात. तुम्ही विद्यमान जमीन वापर नकाशा मागा. आराखडा करण्याआधी सर्वेक्षण करून प्रत्येक तुकड्याचा तेव्हाचा वापर रंगांत दाखवलेला असतो: निवासी, वाणिज्य, सार्वजनिक. जुन्या आणि सुधारित आराखड्याचे दोन नकाशे शेजारी ठेवलेत की माड्यांवरून राहती वस्ती कशी उठली ते दिसेल. जोडीला जुन्या मतदार याद्या घ्या, घर क्रमांकागणिक मतदार मोजा.

तिसरं म्हणजे बाजार समित्या. १९६३ च्या कायद्यानंतर भुसार, गूळ, मिरचीची आडत (दलालीवरची विक्री) पेठेतून मार्केट यार्डात गेली आणि गोदामं रिकामी झाली. त्या जागी कपडे आणि मोबाइल आले.

---

कुंभार्लीघाट

बाकी सगळं पटलं, पण बाजार समितीचं कारण चिपळूणला तसंच्या तसं लावू नका. ते देशावरचं आहे. बार्शी, लातूर, कराड इथे शेतकऱ्याचा माल पेठेत येऊन आडतीवर विकला जायचा, तो यार्डात गेला. कोकणात पिकलेला माल विकायला पेठ नव्हती, बाहेरून आलेला माल वाटायला होती.

चिपळूण मोठं झालं ते दोन वाटा इथे मिळत म्हणून. मुंबईचा माल समुद्राने दाभोळला, तिथून भरतीच्या पाण्यावर वाशिष्ठीच्या खाडीने गोवळकोट बंदरात. आणि घाटावरचा माल कुंभार्लीने उतरून खाली. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये चिपळूणचं व्यापारी महत्त्व याच जागेमुळे सांगितलं आहे. पेठेतली खोल, अंधारी गोदामं त्या व्यापाराची: पावसाळ्यात बंदर बंद, म्हणून चार महिन्यांचा साठा आधी भरून ठेवायचा. ट्रक बारमाही झाला तशी साठवणुकीची गरज संपली. मग पुढे काउंटर आणि मागे सत्तर-ऐंशी फूट गोदाम असं दुकान परवडेनासं झालं, आणि त्याचे पुढचा-मागचा असे तुकडे पडले. तुमच्या नकाशात अरुंद आणि लांब पट्ट्यांचे क्रमांक दिसतील, ते कुठे आडवे कापले गेले ते पाहा. चिपळूणचा बदल मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

मग ओढ महामार्गाकडे गेली. कराडकडून येणारा रस्ता बहादूरशेख नाक्याला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. हार्डवेअर, टाइल्स, सिमेंट, गाड्यांचे सुटे भाग, म्हणजे ज्यांना ट्रक दारात लागतो ते धंदे आधी त्या बाजूला सरकतात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तिचं स्थानकही पेठेपासून लांब. जे धंदे पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतात, म्हणजे सराफ, कापड, भांडी, पूजासाहित्य, औषधं, ते पेठेत टिकतात. तुमच्या तक्त्यात धंद्याचा प्रकार लिहिताना 'माल कसा येतो' हा एक रकाना घाला.

सराफांसाठी वेगळी नोंद करा. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यामुळे परवान्याशिवाय सोन्याचा व्यापार करता येत नव्हता. कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्यानंतर पेढ्यांची संख्या आणि दर्शनी भागाचं रूप दोन्ही बदललेलं दिसेल. गादी-तक्क्या जाऊन काचेचं काउंटर आलं ते बहुतेक गावांत याच सुमाराला.

---

ओटा_पडवी

इमारतींबद्दल थोडं. दर्शनी भाग तीन पिढ्यांचा असतो आणि तिन्ही बहुधा एकावर एक शाबूत असतात.

पहिली पिढी फळ्यांची. उंबरठ्यात आणि वरच्या तुळईत खाच, त्यात एकेक फळी सरकवायची, फळ्यांवर क्रमांक. दुकानाची जमीन ओट्याच्या उंचीवर; गिऱ्हाईक ओट्यावर टेकायचं, आत शिरायचं नाही. दुसरी पिढी रोलिंग शटरची. तिसरी काचेची आणि वर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पाटी. शटर बसवताना वरची तुळई काढत नाहीत, गुंडाळ्याच्या पेटीआड ती तशीच राहते. मालकाच्या परवानगीने पेटीचं झाकण काढून टॉर्च मारा: तुळईच्या खालच्या अंगाला फळ्यांची खाच दिसली तर शटर नंतरचं. कौलं उतरवलेली असतील तर खालच्या बाजूला ठसलेलं कारखान्याचं नाव टिपा. मात्र कौल हे घराचं वय नव्हे, जुनी कौलं दुसऱ्या घरावर सर्रास चढवत.

मोजायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे जोत्याची उंची. गिऱ्हाइकाने आत यावं म्हणून शटरच्या पिढीत अनेक ठिकाणी आतली जमीन खोदून रस्त्याच्या पातळीला आणतात. त्याच काळात डांबरावर डांबर चढून रस्ता वर येतो. दोन्ही मिळून जुन्या दुकानाला दोन-तीन पायऱ्या होत्या तिथे आज एक पायरी उतरून आत जावं लागतं. पूर राहिला बाजूला, नुसत्या गटाराचं पाणी आत येतं ते यामुळे. मूळ जोतं किती होतं ते शेजारच्या न बदललेल्या घराच्या ओट्यावरून कळतं.

पातळी मोजायला महागडं उपकरण नको. गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्या: पारदर्शक नळी, पंधरा मीटर, आत रंगीत पाणी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन टोकांत इंचाचा फरक सहज पडतो, म्हणून मोजण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान येतं का ते प्रत्येक वेळी पाहा. एक स्थिर खूण धरा, मंदिराची पायरी किंवा पुलाचा कठडा, आणि सगळं त्याच्याशी जोडा. रस्ता पुन्हा होणार, म्हणून रस्त्यापासून मोजू नका. २००५ आणि २०२१ च्या पुराच्या रेषा भिंतींवर जिथे शिल्लक आहेत त्या याच खुणेशी बांधा. रंग दिला की रेषा गेली, तेव्हा हे काम आधी करा.

फोटो काढताना सकाळी सातला एक फेरी, दुकानं बंद असताना, इमारतीसाठी. अकराला दुसरी, धंद्यासाठी. समोरासमोर उभं राहून, रस्त्याला काटकोनात, प्रत्येक फोटोत शेजारच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्या. रस्ता अरुंद असेल तर वाइड लेन्स टाळा, कडा वाकतात. त्याऐवजी समोरच्या माडीवरून काढा.

---

टिपकागद

भिजून वाळलेल्या चोपड्यांना घाईने हात लावू नका. ओल्या असत्या तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये घाला म्हटलं असतं. बुरशी त्यानंतर धरते आणि गोठवलं की थांबते. आता वेळ गेली आहे, म्हणून क्रम असा:

उघड्या हवेत, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने वाळलेला गाळ झटका. ओल्या फडक्याने पुसू नका, दौतीची शाई पाण्याने पसरते आणि चोपडीच्या लाल कापडाचा रंग पानांत उतरतो. पान सुटत असेल तर बांबूच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवा, मधून ओढू नका. सुटलं की लगेच फोटो घ्या, नंतर पुन्हा उघडता येईलच असं नाही. मध्ये कोरा न्यूजप्रिंट घाला. छापील वर्तमानपत्राची शाई लागते. उन्हात ठेवू नका, कागद ताठ होऊन तुटतो.

गुळगुळीत आर्ट पेपर चिकटून वाळला असेल तर तो सुटत नाही, सोडून द्या. एकमेकांना चिकटलेले फोटो वेगळे काढा. जुने कृष्णधवल छापे स्वच्छ गार पाण्यात भिजवल्यावर कधी सुटतात, पण आधी वरच्याचा फोटो घ्या आणि ज्याची दुसरी प्रत आहे अशावर प्रयोग करा. इंकजेटवर छापलेले फोटो पाण्यात घातले की संपले. अल्बमला चिकटलेला एकुलता एक फोटो कागद-संवर्धकाकडेच द्या.

आणखी एक, तोंडी माहितीबद्दल. 'कोणत्या साली' असं विचारू नका. 'कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर' असं विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आपल्याकडच्या जुन्या माणसांना विसरत नाही. तशाच आणीबाणी, १९८३ चा विश्वचषक, २००५ चा पूर. माणसाला स्वतःच्या दुकानापेक्षा शेजारच्या दुकानाचं विचारलं तर उत्तर जास्त नेमकं येतं. दोघा शेजाऱ्यांना स्वतंत्रपणे विचारा आणि मगच जुळवा. दोघांना एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाच्या माणसाचं साल तक्त्यात जातं.

---

शिवनदीकाठ

भरपूर मिळालं. शेवटचं एकच: हे सगळं लोकांसमोर मांडताना मालकांची नावं द्यावीत का? मिळकत पत्रिका तर सार्वजनिकच आहे.

---

चौकशी_नोंदवही

सार्वजनिक असली तरी देऊ नका. बऱ्याच मिळकतींवर वाटणीचे किंवा भाडेकरूशी दावे चालू असतात आणि तुमचा तक्ता उद्या कोणी पुरावा म्हणून दाखवेल. दोन प्रती करा. कामाच्या प्रतीत नावं, खंड क्रमांक, पान क्रमांक, सगळं. बाहेरच्या प्रतीत नगर भूमापन क्रमांक, पाटीवरचं दुकानाचं नाव, धंद्याचा प्रकार, दिसल्याची वर्षं आणि पुराव्याचा दर्जा: कागद असेल तर क, फोटो असेल तर ख, नुसतं तोंडी असेल तर ग. बोजे आणि भाड्याचे आकडे बाहेरच्या प्रतीत नकोतच. कामाच्या प्रतीच्या तीन नकला ठेवा, त्यातली एक पूररेषेच्या वर.